भारतीवहिनींचं रोजचं खोटं

भारतीवहिनी रोज एक खोटं बोलायच्या. ठरवून, न चुकता आणि स्वतःच्या पोरांच्या देखत. खोटं बाकीची माणसंही बोलतात, मीही बोलतो, पण आपण ते चोरून बोलतो आणि एकावर थांबत नाही. वहिनींचं खोटं दिवसाला एकच असायचं. सकाळच्या चहानंतर ते कधीही, कुठल्याही वाक्यातून निसटायचं आणि दिवेलागणीच्या आत ते पोरांना सापडायलाच हवं, असा त्या घरात कायदा होता.

मला हा कायदा माहीत नव्हता. शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या बाजूच्या एका गावात माझी शिक्षक म्हणून बदली झाली होती. मी मूळचा नगरकडचा. सामान एका खोलीत टाकून मी समोरच्या घरी पाणी मागायला गेलो, तर पाण्याबरोबर चहा आला आणि चहाबरोबर वहिनी आल्या. डोक्यावर पदर, तोंडात बडीशेप आणि दोन्ही बाजूंना एकेक पोर. थोरली हेतल आठ वर्षांची, धाकटा जिगर सहाचा. वहिनी गावाची माहिती देऊ लागल्या. गावात गुजर पाटलांची घरं जास्त, केळी आणि ऊस भरपूर, उसात बिबट्या असतो म्हणून संध्याकाळी एकट्याने फिरू नका, म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, आणि तापी इथून पुढे पूर्वेला वाहत जाते. मी म्हशीच्या दातांशी थबकलो. मनात म्हटलं, बाई आपली गंमत करतायत. बाकी सगळ्याला मान डोलावली. शिक्षकाची मान तशी सहज डोलते.

"सर, सापडलं का?" हेतलने विचारलं.

"काय सापडायचंय?"

"आजचं खोटं."

"म्हशीचे दात," मी हसून म्हटलं.

जिगरने माझा हात धरला आणि मला थेट गोठ्यात नेलं. म्हशीचा ओठ त्याने असा वर केला, जसं आपण पेटीचं झाकण उघडतो. वरच्या बाजूला पुढे खरंच दात नव्हते, नुसती हिरडी होती. तोवर हेतल मागून म्हणाली, "सर, तापी सुरतला जाते. सुरत कुठे आहे?" सुरत पश्चिमेला आहे हे मी चौथीच्या वर्गाला कितीतरी वर्षं शिकवत होतो. ओट्यावर परत येऊन पाहतो तर वहिनी दोन्ही कान धरून उठाबशा काढत होत्या. पाच काढल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "घ्या सर, चहा गार होतोय."

कायदा असा होता. मम्मीने दिवसभरात एक गोष्ट चुकीची सांगायची. ती कुठली, हे पोरांनी ओळखायचं. पण नुसतं ओळखून भागत नाही, दाखवून द्यायचं. कुणी सांगितलं हा पुरावा धरत नाहीत. मोबाईलमध्ये आहे हाही धरत नाहीत, कारण वहिनींच्या मते मोबाईल म्हणजे आणखी एक सांगणाराच. सापडलं तर मम्मीच्या पाच उठाबशा. नाही सापडलं तर पोरांनी गोठा झाडायचा. माझ्या खिडकीतून मी ज्या सकाळी पोरं गोठा झाडताना पाहायचो, त्या सकाळी वहिनी ओट्यावर उभ्या राहून मोठ्याने हसत असायच्या. त्यांचं हसू गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. घरातल्या सुनेने असं हसावं का, यावर गल्लीत बरंच बोलणं व्हायचं आणि ते बोलणाऱ्या बायकाच दुपारी वहिनींकडे पापड लाटायला येऊन बसायच्या.

पोरं शाळेत जात नव्हती. हेतल पहिलीत असताना शहाद्याच्या एका शाळेत काही महिने गेली होती. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "सर, ती जायच्या आधी इतके प्रश्न विचारायची की माझी भाकरी करपायची. दोन महिन्यांत भाकऱ्या नीट व्हायला लागल्या. मला भीती वाटली." त्यांनी पोरीला घरी आणलं. नवऱ्याने, म्हणजे किशोरभाऊंनी, होकार दिला. किशोरभाऊ होकारच द्यायचे. बायकोला एक आणि बापाला दुसरा असे दोन उलटे होकार एकाच दिवशी देऊन ते निवांत केळीत निघून जायचे.

माझ्या मुख्याध्यापकांना हे खटकायचं. हे कुठल्या नियमात बसतं म्हणून ते मला विचारत. मी त्यांना म्हणायचो, वहिनींनाच विचारा. ते तावातावाने समोरच्या घरी जात, अर्ध्या तासाने पापडाची गुंडाळी घेऊन परत येत आणि त्यांना काय उत्तर मिळालं ते कधीच सांगत नसत.

वहिनींचं माहेर नवापूरचं. वडिलांचा कोंबड्यांचा व्यवसाय, घरात अर्धं गुजराती. त्यामुळे त्यांचे पाढे गरब्याच्या ठेक्यावर चालायचे. तुळशीभोवती पोरं टाळ्या वाजवत फिरायची आणि तेराचा पाढा म्हणायची. वहिनींचा गळा भयंकर होता. तेरा सत्ते एक्क्याण्णव म्हणताना त्यांचा स्वर असा फाटायचा की गोठ्यातली म्हैस मान वर करायची. पण नवरात्रात देवीपुढे गरबा सुरू झाला की ही दोन पोरं खालमानेने पुटपुटत असायची, आणि त्यांच्या मागे माझ्या वर्गातली आठदहा. माझ्या वर्गाला तेराचा पाढा मी शिकवला नाही. तो देवीच्या मंडपातून आला.

वहिनींना पुष्कळ गोष्टी येत नसत. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं तिथे त्यांचं शिक्षण थांबलं होतं. पण "मला नाही येत" हे वाक्य मी इतक्या आनंदाने कुणाला म्हणताना ऐकलं नाही. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायच्या, जशी समोर गरम जिलेबी आली आहे. मग खताच्या गोणीवरचं बारीक अक्षर वाचणं, केळीचा घड उतरला की फण्या मोजून एका घडात किती केळी असतील याचा अंदाज बांधणं, मिरची वाळत घातली की ओली किती भरली आणि वाळून किती उरली ते तागडीवर बघणं, असं काय काय चालायचं. पुष्कळदा चुकायचं. एकदा पोरांनी आणि त्यांनी मिळून पपईचं दूध गोळा करून त्यात मटण शिजायला टाकलं, कारण ते लवकर शिजतं असं ऐकलं होतं. ते इतकं शिजलं की पातेल्यात मटण सापडेना. किशोरभाऊ त्या दिवशी रस्सा पिऊन केळीत गेले.

घरात या सगळ्याला विरोध एकाच माणसाचा होता, पण तो माणूस म्हणजे आबा. आबा म्हणजे वहिनींचे सासरे. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात आबांचा शब्द शेवटचा होता. वहिनी त्यांच्यासमोर पदर आणखी पुढे ओढायच्या आणि त्या पदराच्या आतून जे म्हणायचं ते म्हणायच्या.

एका सकाळी वहिनींनी पोरांना सांगितलं की भुईमुगाच्या शेंगा मुळांना लागतात. पोरांना वास आला. ती कुदळ घेऊन शेतात गेली आणि आबांच्या भुईमुगाची अर्धी ओळ उपटून घरी आली. आबा मागोमाग.

"भारती, ह्या पोरेसले मन्हा वावरमा कोनी सोडं?"

हेतलने एक झाड उचलून आबांच्या नाकासमोर धरलं. फुलाखालून निघून जमिनीत गेलेली बारीक दोरीसारखी आरी आणि तिच्या टोकाला शेंग. "देखा आबा. शेंग मुळले नही लागस."

"अरे, हाई माले माहीत शे! आऱ्यासले लागस. माले इचारतात ना! मी काय घरमा नव्हतू?"

"इचारेल चालत नही, आबा," जिगर म्हणाला. "दखाडनं पडस."

आबा रागावले होतेच, पण मला समोरून आणखी काहीतरी दिसलं. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला त्याच्याच घरात कुणी काही विचारत नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी टॉवेल झटकला आणि मला हाक मारून म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, हाई काय साळा शे?" मी शाळेची घंटा झाली म्हणून निघून गेलो. घंटा झालेली नव्हती.

पोरांचा हा नाद हळूहळू गावात पसरला. ग्रामपंचायतीची निवडणूक आली. रिक्षावर कर्णा बांधून एक उमेदवार गल्लीगल्लीत फिरत होते. नळ आणू, गटार बांधू, व्यायामशाळा उभी करू. हेतल आणि जिगर रिक्षाच्या मागे पळत. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली, तेव्हा जिगरने अगदी अदबीने विचारलं, "काका, यातलं आजचं खोटं कोणतं?"

"खोटं? अरे बेटा, बठ्ठं खरं शे."

जिगर विचारात पडला. "म्हणजे आज बोललाच नाहीत? मग उद्या दोन बोला." उमेदवार हसले, कारण माणसं जमली होती. माणसं मात्र पुढे निवडणूक होईपर्यंत हसत होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मनीषाला पाहायला पाहुणे आले.

मनीषा म्हणजे आबांची धाकटी मुलगी, पोरांची फुई. इकडे आत्याला फुई म्हणतात. पाहुणे तळोद्याकडचे. आबांना स्थळ पसंत होतं, दारात गाडी उभी राहिली तेव्हाच अर्धं लग्न लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला शेजारी म्हणून बोलावलं होतं. ओट्यावर सतरंजी, पोहे, चिवडा. मुलगा अबोल होता, चांगल्या इस्त्रीचा शर्ट घातलेला. बोलणं सगळं त्याच्या मामाकडे. मामा मोठा गडी, पांढरी टोपी, हातात दोन मोबाईल.

"आमना भाचा पहाटे उठीसन केळीमा जास," मामा सांगत होते. "गडीमाणसे शेत, पन हाऊ आयकत नही. पाणी देनं, घड कापनं, बठ्ठं सोताना हातनी."

आबा कौतुकाने मान हलवत होते. हेतल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि मुलासमोर बसली.

"काका, हात दखाडा."

मुलाने गोंधळून हात पुढे केले. हेतलने ते उलटसुलट पाहिले, नखं पाहिली. मग किशोरभाऊंचा हात धरून त्याच्या शेजारी ठेवला. केळीचा चीक एकदा हाताला लागला की नखांच्या कडा काळ्या होतात, आणि रोजच लागत असेल तर त्या काळ्याच राहतात. कपड्यावर पडला तर कपडा कामातून जातो. केळीच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. किशोरभाऊंची दहाही नखं काळी. मुलाचा हात चकचकीत.

"सापडनं!" हेतल ओरडली. "आजनं खोटं सापडनं!"

"मामा, कान धरा," जिगर म्हणाला. "पाच."

मामांची टोपी एकाएकी लहान झाल्यासारखी वाटली. आणि तेवढ्यात तो अबोल मुलगा उठला, दोन्ही कान धरले आणि एक उठाबशी काढली. दुसरी काढायला वाकला तेव्हा मामांनी त्याला दंडाला धरून गाडीकडे नेलं. आतून स्वयंपाकघरातून मनीषाचं हसू आलं. ते तिने पदरात दाबलेलं होतं, पण तरी बाहेर आलं. भावजयीच्या हाताखाली वाढलेली नणंद, आणखी काय होणार?

(पुढे पावसाळ्यानंतर त्या मुलाने मामांना न सांगता स्वतःच निरोप पाठवला. मी सुरतला नोकरी करतो, केळीत फक्त खायला जातो, चालेल का? चाललं. पण ते पुढचं.)

त्या दिवशी मात्र आबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. मलाही.

"बस व्हयनं," ते म्हणाले. "आमना घरमा वकील नको माले. जूनमा दोन्ही पोरे साळामा. दारसमोरथीन पिवळी गाडी जास ना, तिन्हामा बसतीन."

किशोरभाऊंनी होकार दिला. मी वहिनींकडे पाहिलं. पदर पुढे होता म्हणून चेहरा दिसत नव्हता. त्यांनी दोन-तीन वर्षं एकच काम जीव ओतून केलं होतं आणि ते आता एका वाक्यात संपत होतं. मला वाटलं त्या भांडतील. त्या भांडल्या नाहीत.

"आबा, तुमनं खरं शे," त्या म्हणाल्या. "पन जूनले अजून येळ शे. तवपर्यंत तुम्हीच शिकाडा पोरेसले. मी मधमा बोलाव नही."

आबांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. त्यांना हे अपेक्षित नव्हतं. पण नाही तरी कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी ओट्यावर खाट आली. आबा खाटेवर, पोरं खाली. आबांनी पाटीवर मोठ्ठा क काढला. हेतलने विचारलं, "आबा, पेपर वाचून दाखवू?" आणि पहिल्या पानावरची बातमी खडाखडा वाचली. आबांनी क पुसला. मग त्यांनी जन्मभर ज्या गोष्टीच्या जोरावर गावात मान मिळवला होता ती सांगायला घेतली. तरुणपणी उसाच्या बांधावर बिबट्या समोर आला आणि आबांनी त्याला एका लाठीत लोळवला. ही गोष्ट मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेली होती.

पोरांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग दोघं उठली आणि दगडूबाबांना घेऊन आली. दगडूबाबा म्हणजे आबांचे जुने सोबती, त्या दिवशी बांधावर बरोबर होते असं गोष्टीतच येत असे. आबा त्यांना डोळ्यांनी खुणा करत होते, पण दगडूबाबांना दिसायचं कमी.

"लाठी?" दगडूबाबा म्हणाले. "याना हातमा लाठी कोठे व्हती? हाऊ निंबवर चढी गयथा. बिबट्या आपला उसमा पळी गया."

"मग तुम्ही काय केलं?" हेतलने विचारलं.

"मी बी निंबवरच व्हतू. याना खाले."

वहिनी दारात उभ्या होत्या. मधे बोलणार नाही असा शब्द दिला होता म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. आबांनी पोरांकडे पाहिलं, दगडूबाबांकडे पाहिलं, समोर खिडकीत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग ते सावकाश उभे राहिले.

"गुडघा वाकत नही," ते म्हणाले. "नुसता कान धरस."

आणि आबांनी, ज्यांच्यापुढे गावातली माणसं अजून चपला काढून बसत, स्वतःच्या ओट्यावर भर सकाळी दोन्ही कान धरले. गल्लीतून डोक्यावर चारा घेऊन जाणारी एक बाई जागच्या जागी थांबली. पहिल्यांदा हसले ते आबाच. मिशा हलायला लागल्या, मग पोट, आणि ते मटकन खाली बसले तेव्हा खाटही.

त्या दिवसापासून आबा हाताबाहेर गेले. पहाटे पोरांना तेच उठवायचे. नांगराच्या फाळापासून उसाच्या डोळ्यापर्यंत सगळं दाखवायचे. खोटं बोलायची पाळी आता त्यांची होती, आणि इतकी वर्षं एका बिबट्यावर भागवलेल्या माणसाचं सगळं कौशल्य त्यात उतरलं. एकदा त्यांनी पोरांना सांगितलं की घुबड दिवसा आंधळं असतं, आणि हे खोटं पकडायला, दिवेलागणीची मुदत आबांकडून वाढवून घेऊन, पोरं चार दुपारी चिंचेखाली उंदराचं शेपूट दोऱ्याला बांधून बसली. चौथ्या दुपारी घुबडाने उंदीर नेला. आबांनी कान धरले आणि घुबडाला शिव्या दिल्या.

मे महिना संपत आला. मी सहज विचारलं, "आबा, मग जूनमध्ये पिवळी गाडी?"

"कोन बोलनं?" आबा म्हणाले. "मी नही बोलनू. साळा ते घरमाच शे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा मिटला. मला फार आनंद झाला. एवढ्या अवघड माणसाला एवढ्या सोप्या रीतीने वळवलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि त्याला आपण वळलो हे कळलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वहिनी ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होत्या, आबा खाटेवर, मी पायरीवर चहा घेत होतो. हेतल मम्मीशेजारी येऊन बसली. तिनेही देठ काढायला घेतले.

"मम्मी, माले साळामा जानं शे."

वहिनींचा हात थांबला नाही. "काबरं?"

"गाडीमा मन्ह्या वयन्या पोरी ऱ्हातस. आठे कोन शे? जिगर शे, आबा शेत, म्हैस शे."

"म्हैसमा काय वाईट शे?" आबा खाटेवरून म्हणाले.

हेतलने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "आनि घरनं शिकनं चांगलं, हाई तू सांगस. मी कोठे देखं? साळा देखाशिवाय माले कसं समजी?"

आता वहिनींचा हात थांबला. त्यांच्याशी इतक्या वर्षांत इतके लोक वाद घालून गेले, मुख्याध्यापक, भावकी, आबा, आणि प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर होतं. या एका प्रश्नाला नव्हतं, कारण तो त्यांनीच रुजवलेला होता. मिरचीचा हात डोळ्याला लागला असं म्हणून त्या आत गेल्या. मिरचीचा हात लागला नव्हता, आणि हे ओळखायला कुणाला पुरावा लागला नाही.

आबा खवळले. "कसाले जास? आठे काय कमी शे? साळामा बाकवर बसाडतीन आनि मारतीन!" ज्या पिवळ्या गाडीचा त्यांनी हुकूम काढला होता, तिचं नाव काढलं की आता ते खाटेवरून उठून जायचे. आणि मग मी असं दृश्य पाहिलं की ते कुणाला सांगितलं तर पटणार नाही. ज्या बाईने पोरीला शाळेतून काढून घरी आणलं होतं, तीच बाई सासऱ्यासमोर पदर ओढून पोरीला शाळेत पाठवू द्या म्हणून विनवत होती. चांगले आठ दिवस. "आबा, तिले देखू द्या. नही आवडनं ते घर शेच ना." आबा मान फिरवायचे. किशोरभाऊ दोघांनाही होकार द्यायचे. शेवटी आबा एवढंच म्हणाले, "जिगरले मी देनार नही," आणि त्यावर तह झाला.

त्या दिवसांत एकदा वहिनी माझ्याकडे दूध घेऊन आल्या. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, मी कितीदा मनात उजळणी केली होती. आबा सक्ती करतील, मग पोरं रडतील, मला जायचं नाही म्हणतील, मग मी काय बोलायचं. ती स्वतःच जाते म्हणेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं." मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तिला तसं घडवलंत म्हणून. त्या म्हणाल्या, "हो, पण थोडं कमी घडवायला हवं होतं." आणि नेहमीसारख्या मोठ्याने हसल्या.

जूनमध्ये माझी बदली धडगावकडे झाली. माझं सामान जीपमध्ये चढत होतं त्याच सकाळी हेतलचा शाळेचा पहिला दिवस होता. वहिनींनी तिच्या दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या, इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर गेल्या होत्या. आबा सकाळपासून गोठ्यात होते आणि बाहेर येत नव्हते. जिगर फाटकावर चढून बसला होता. गाडी आली. दारातून तीन-चार पोरींनी एकदम हाका मारल्या, हेतल, हेतल, इकडे बस. ही एवढ्यात यांच्या ओळखीची कधी झाली होती कोण जाणे. हेतल दप्तर उडवत चढली, आतल्या पोरींशी मोठमोठ्याने काहीतरी बोलू लागली आणि गाडी निघाली.

वहिनींनी हात वर केला होता. हेतलने मागे पाहिलं नाही. गाडी वळणावर जाईपर्यंत तो हात तसाच वर होता, मग तो दुसऱ्याच कशासाठी तरी वर केला होता असं दाखवत त्यांनी फाटकाच्या खांबावर बसलेल्या कावळ्याला हाकललं. कावळा उडाला. वळताना त्यांना मी दिसलो, जीपजवळ उभा. मी सगळं पाहिलं होतं हे त्यांना कळलं. डोळे भरलेले होते, तरी चेहऱ्यावर हसू आलंच.

"देखू नका सर," त्या म्हणाल्या. "आते घरमा जाईसन रडसू मी. पहिले भाकरी टाकी लेस. ती चार वाजता येस, तिले भूक लागी."